झालं म्हटल्यानंतर

स्टुडिओत बसलेल्या प्रत्येक माणसाला धाकटा त्याच तीन सूचना द्यायचा. हनुवटी जरा खाली. खांदे सैल. इकडे बघा. मग फ्लॅश उडायचा आणि धाकटा मोठ्यानं म्हणायचा, "झालं!"

ते 'झालं' समोरच्या माणसाइतकंच बाहेर काउंटरवर बसलेल्या दादासाठीही असायचं. ते ऐकू आलं की दादा हातातलं काम बाजूला सारायचा, गिऱ्हाइकाचा चेहरा काँप्युटरवर उतरवून घ्यायचा आणि त्याच्यावर इलाज सुरू करायचा. मुरूम, वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, गळ्याच्या वळ्या. दादाच्या हाताखालून गेलेला माणूस चांगला पाच-सात वर्षांनी लहान होऊन पाकिटात जायचा. गिऱ्हाइकं त्याला डॉक्टरच म्हणायची.

"डॉक्टर, पोट तेवढं आत घ्या की जरा."

"घेतो. घरी गेल्यावर बाहेर आलं तर माझ्याकडे येऊ नका."

दुकान वडिलांनी सुरू केलेलं. ते गेल्यावर कॅमेरा धाकट्याकडे आला आणि काउंटर दादाकडे. दुकानाच्या वरच घर. दादाच्या मुलीचं लग्न होऊन ती परदेशी गेली होती, त्यामुळे घरात तिघंच उरली: दादा, वहिनी आणि धाकटा. धाकट्यानं लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, याचं उत्तर तो विचारणाऱ्याचं तोंड बघून बदलायचा.

'झालं'मध्ये काहीतरी आहे हे त्याला कळलं ते एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यामुळे. हा गृहस्थ छाती काढून, मिशा सारख्या करून स्टुलावर बसला. फोटो उत्तम आला. 'झालं' ऐकल्याबरोबर त्यानं मान वळवून दाराकडे पाहिलं. त्याला घेऊन आलेला मुलगा मघापर्यंत तिथे उभा होता, तो फोन आला म्हणून रस्त्यावर गेला होता. रिकामं दार बघून त्या एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा गर्दीत हात सुटलेल्या पोरासारखा झाला. कॅमेरा खाली घेताना धाकट्याचं बोट बटणावरच होतं. ते दाबलं गेलं.

पहिल्यांदा दाबलं गेलं. पुढे तो दाबू लागला. 'झालं' म्हणायचं, कॅमेरा गळ्यात खाली सोडायचा, पोटाशी धरायचा आणि आणखी एक काढायचा. फ्लॅश नाही, आवाज नाही. माणसं चेहरा सैल सोडायची आणि तो सैल सुटलेला चेहरा कॅमेऱ्यात जायचा. लग्न ठरवण्यासाठी फोटो काढायला आलेली मुलगी हसून झाल्यावर जबडा चोळायची. मेलेल्या भागीदाराच्या जागी स्वतःचा फोटो दुकानात लावायला निघालेला व्यापारी 'झालं' म्हटल्यावर सुस्कारा सोडायचा आणि मग आपण सुस्कारा सोडला म्हणून चपापायचा.

दादाला हे माहीत होतं, कारण कार्ड त्याच्याच काँप्युटरवर रिकामं व्हायचं.

"हे काय काढत असतोस रे? झाल्यानंतरचे फोटो?"

"बघ तरी नीट."

"बघितले. लोक जेवून उठले की तू त्यांचं खरकटं ताटात सजवतोस."

धाकट्याला दादाच्या मताची पर्वा नव्हती. त्याला एकच मत लागायचं, आणि ते वरच्या मजल्यावर स्वयंपाकघरात असायचं.

वहिनी लग्नाआधी दोन वर्षं चित्रकला शिकत होती. पुढची वर्षं का शिकली नाही, हे घरात कोणी विचारत नसे. लग्न झालं, हे उत्तर सगळ्यांना पाठ होतं. ती या घरात आली तेव्हा धाकटा कॉलेजात होता आणि वडील त्याला बँकेच्या परीक्षेला बसवायच्या मागे होते. त्याच्या फोटोंची पुडकी चाळून नवीन सून सासऱ्यांना म्हणाली होती, "याला बँकेत बसवलंत तर तो नोटांचे फोटो काढेल." वडील हसले, आणि बँक टळली. तेव्हापासून धाकटा प्रत्येक नवा फोटो छोट्या आकारात छापून तिच्यापुढे ठेवत आला होता.

तिची एक पद्धत होती. आधी हात धुवायचे. मग कोरडे पुसायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. मग फोटो कडेनं उचलून खिडकीपाशी न्यायचा. बोलायची थोडंच. "हा नटलाय." "यात तुम्ही दिसताय भाऊजी, ती बाई दिसत नाही." आणि क्वचित, फार क्वचित, "हा खरा आहे." 'छान' हा शब्द तिच्या तोंडून त्यानं कधी ऐकला नव्हता. तो तिनं लोकांच्या नव्या पडद्यांसाठी राखून ठेवला होता.

पोलीस अधिकाऱ्याचा फोटो तिनं बराच वेळ धरून ठेवला. भाजी खाली लागल्याचा वास आला तरी धरून ठेवला.

"हे असे अजून आहेत?"

"आहेत बरेच."

"मग ते कपाटात काय करतायत? प्रदर्शन भरवा की. जन्मभर लोकांच्या हनुवट्या खाली करत बसणार आहात का?"

"लोक शिव्या घालतील वहिनी. धंदा बसेल."

"बसू दे थोडा. लोकांच्या तोंडावरचं दाखवायचं तर इतकी भीड धरून कसं चालेल?" मग फोटो खाली ठेवून म्हणाली, "मात्र ज्याचा त्याला विचारून लावा. जो नको म्हणेल त्याचा नाही लावायचा. तेवढं पाळा."

"पाळतो," धाकटा म्हणाला.

त्याच वर्षी दादा-वहिनीच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. मुलीनं फोनवर हट्ट धरला म्हणून दोघं ठेवणीतले कपडे घालून खाली स्टुडिओत आली. वहिनी खुर्चीवर, दादा मागे उभा, त्याचा उजवा हात तिच्या खांद्यावर. हीच पोझ वडिलांनी शेकडो जोडप्यांना दिली असेल. दादा सारखा बोलत होता. "लवकर उरक. हिला हसू आलंय तोवर काढ, पुन्हा पंचवीस वर्षं थांबावं लागेल." वहिनी खरंच हसली.

"झालं!"

दादा लगेच बाहेर वाकला. दारातून त्याला काँप्युटरचा पडदा दिसायचा, फोटो उतरवायला तो चालू आहे ना ते बघायला त्यानं मान लांब केली. त्याचं सगळं अंग चौकटीबाहेर गेलं. हात तेवढा वहिनीच्या खांद्यावर राहिला, खुर्चीच्या पाठीवर राहावा तसा. आणि वहिनीनं मान किंचित वळवून त्या हाताकडे पाहिलं. रागानं नाही, प्रेमानं नाही. कोणी पाहुणा आपली छत्री विसरून गेलाय आणि आता ती कुठे ठेवावी, असं काहीतरी त्या बघण्यात होतं.

धाकट्याचं बोट दाबलं गेलं होतं.

हा फोटो त्यानं छापला नाही. आपल्या हार्ड डिस्कवर घेतला आणि वहिनीला दाखवला नाही. तिला न दाखवलेला हा त्याचा पहिलाच फोटो. अधूनमधून दुकान बंद असताना तो उघडून बघायचा. तो काय आहे हे त्याला न विचारता कळत होतं.

त्याच सुमारास दादाला एक नवीनच खूळ लागलं. संध्याकाळी गिऱ्हाईक असलं तरी तो उठायचा, वर हाक मारायचा आणि वहिनीला घेऊन तळ्यापर्यंत फिरून यायचा. ज्या माणसानं आयुष्यात दुकानाच्या पायरीपलीकडे हवा खाल्ली नव्हती, तो! पहिले काही दिवस दोघं एकामागोमाग चालायची, नंतर शेजारी शेजारी. एकदा परत येताना वहिनी कशावर तरी हसत होती आणि दादा खोटं खोटं रागावला होता.

"म्हातारपणी प्रेमात पडलात की काय?" धाकट्यानं विचारलं.

"तू कॅमेऱ्यात बघ," दादा म्हणाला. "तुझं काम ते."

शहरातल्या कलादालनाच्या निवड समितीवर एक सर होते, कला महाविद्यालयातून निवृत्त झालेले. धाकटा त्यांच्याकडे फोटोंचा गठ्ठा घेऊन गेला. गिऱ्हाइकांकडे तो आधी जाऊन आला होता. निम्म्यांनी दार लावून घेतलं होतं, एका बाईनं झाडू उगारला होता. पोलीस अधिकाऱ्यानं मात्र फोटो हातात घेतला, मुलाला दिसेल असा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "लावा." म्हणजे गठ्ठ्यात उरलेले सगळे विचारलेले होते.

सरांनी ते टेबलावर पत्त्यांसारखे मांडले.

"कामाचा आहेस तू. दालन देऊ आपण. पण एक सांगू का? रागावू नकोस."

"सांगा ना."

"हे सगळे तुझे कोणी नाहीत. आले, बसले, गेले. तू दाराआडून बघतोयस. यात तुझं स्वतःचं काय पणाला लागलंय?"

धाकट्यानं फोटो गोळा केले. बसमध्ये बसल्यावर त्याला उत्तर सापडलं, आणि सापडल्यावर घर येईपर्यंत तो खूश होता. आपणही पणाला लावू शकतो, आपल्याकडे आहे, याची खुशी.

पंचवीस वर्षांचा तो फोटो लावायचा तर वहिनीला विचारायचं, हे ठरलेलंच होतं. उद्या विचारू, म्हणाला. मग मोठा करून आणल्यावर विचारू, छोट्या फोटोत मजा नाही. मग चौकट लागू दे. मग त्याला वाटू लागलं की विचारण्यापेक्षा भिंतीवरच दाखवावा. चांगलं काय ते तिला कळतं, तिच्याइतकं कोणाला कळतं? तिनंच तर म्हटलं होतं, भीड धरू नका. असं करत करत तिचेच शब्द तो तिच्याविरुद्ध वापरत गेला, आणि त्याला ते जाणवत नव्हतं असंही नाही.

उद्घाटनाच्या सकाळी त्याच्या शर्टाला इस्त्री करताना वहिनीनं विचारलं, "सगळ्यांना विचारलंत ना?"

"हो," धाकटा म्हणाला.

दालन भरलं होतं. दादा दुकान बंद करून मागाहून येणार होता. वहिनी आपल्या पद्धतीनं सावकाश, एकेका फोटोपुढे उभी राहत निघाली. बहुतेक सगळे तिच्या हातांखालून गेलेले होते, तरी ती नव्यानं बघत होती. पोलीस अधिकाऱ्यापुढे तिनं मान डोलावली. धाकटा तिच्या दोन पावलं मागे होता. शेवटच्या भिंतीवर एकच फोटो होता, पुरुषभर उंचीचा, आणि त्याच्यासमोर सगळ्यात जास्त गर्दी होती.

गर्दीतली एक बाई मागे वळली आणि म्हणाली, "अय्या, या तुम्हीच ना?"

लोक बाजूला झाले.

वहिनीनं पर्समधून रुमाल काढला आणि हात पुसले. कोरडेच होते. बेचक्यांसकट पुसले. मग ती भिंतीजवळ गेली, जितकं जवळ जाता येईल तितकी, आणि मग मागे आली. तिच्या तोंडावर काही नव्हतं. धाकट्यानं ते तोंड वाचायचा इतका प्रयत्न आयुष्यात कधी केला नव्हता.

"हा सगळ्यात खरा आहे," ती म्हणाली. आवाज अगदी स्वयंपाकघरातला.

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. क्षणभरच.

"वहिनी, मी विचारणारच होतो, पण..."

"विचारलं असतंत तर मी नको म्हटलं असतं."

धाकटा फोटोच्या चौकटीकडे बघू लागला.

"आणि ते तुम्हाला माहीत होतं. म्हणून विचारलं नाहीत. हो ना?"

तेवढ्यात दादा आला. दारापासून शेवटच्या भिंतीपर्यंत लोक त्याला वाट करून देत गेले, तेव्हाच त्याला काहीतरी कळलं असावं. त्यानं चष्मा वर केला, फोटोतला आपला हात बघितला, आणि सवयीनं डाग शोधावा तसा चेहरा पुढे नेला.

"प्रिंट बरी आलीय," तो म्हणाला. "हाताची नखं तेवढी काढायला हवी होती."

आजूबाजूचे हसले. वहिनीही हसली. इतक्यात पेपरचा फोटोग्राफर आला आणि त्यानं तिघांना फोटोपुढे उभं केलं, सरांना मध्ये घेतलं. "हसा जरा! हां. झालं, थँक्यू!" सरांचे खांदे पडले, दादानं चष्मा पुसायला घेतला, धाकट्यानं खाली बघितलं. वहिनी हसतच राहिली. ज्या माणसानं 'झालं' म्हटलं तो दुसऱ्या भिंतीकडे निघून गेला, सर चहाकडे गेले, तरी ती तशीच हसत होती. गाडीत बसल्यावरही.

रविवारच्या पुरवणीत त्या फोटोवर अर्धं पान आलं. दादानं ते काउंटरवर उघडून मोठ्यानं वाचलं.

"'सहजीवनातील पोकळी...' म्हणजे आम्ही. 'विसरलेला हात...' म्हणजे मी. 'जोखीम पत्करणारा धाडसी छायाचित्रकार.' हा कोण?"

"दादा, पुरे."

"नाही, मला समजून घेऊ दे. जोखीम पत्करली म्हणे. कोणाची रे? तुझं काय गेलं?"

"मी माझ्याच घरातला लावला. सोपं नव्हतं ते."

"घरातला लावलास. स्वतःचा नाही लावलास." दादानं पेपरची घडी घातली. ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा घातली. "आणि तुला काय वाटलं, तो फोटो मी तिथे पहिल्यांदा बघितला?"

धाकट्यानं मान वर केली.

"कार्ड कोणाच्या काँप्युटरवर उतरतं? तू तुझी कॉपी घ्यायच्या आधी मी बघितला होता. त्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? हिला विचारू, की बाई, माझ्या हाताकडे असं का बघतेस? माणूस असं विचारतो का?" त्यानं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि मग तोही हात बघत राहिला. "मी म्हटलं, चल, तळ्यापर्यंत जाऊन येऊ. पहिल्या दिवशी म्हणाली, का? काय झालंय? मी म्हटलं, काही नाही, पाय मोकळे करू. मला दुसरं काही येत नाही. हळूहळू पुसायचं, एवढंच येतं. पुसत होतो."

उद्घाटनानंतर फिरणं बंद झालं होतं. धाकट्याला वाटलं होतं, थंडीमुळे.

"जात जा की अजून," तो म्हणाला.

"गेलो होतो परवा एकदा. रस्त्यात लोक माझा हात बघतात. हिचा नाही, माझा. मी खिशात घातला. तर हिनं ते बघितलं. आणि हसली." दादानं पेपर खणात टाकला. "तेच हसू. तुमच्या दालनातलं."

धंदा बसला नाही. उलट वाढला. लोक मुद्दाम येऊ लागले, आणि तयार होऊन येऊ लागले. धाकट्यानं 'झालं' म्हटलं की कोणी हलत नसे. काहींनी तर आरशात बसवून आणलेले 'झाल्यानंतरचे' चेहरे त्याला काढून दाखवले: दूर कुठेतरी बघणं, ओठ किंचित उघडे. एका तरुण जोडप्यानं विचारलं, "आम्हाला तो विसरलेला हात मिळेल का?" दादानं काउंटरवरून विचारलं, "कोणाचा हवाय?"

सरांचा फोन आला. दुसऱ्या शहरातलं मोठं दालन मिळत होतं, नवीन काम हवं होतं. धाकट्याकडे नवीन काम नव्हतं, तरी त्यानं जे होतं ते छापलं आणि वर नेऊन ओट्याशेजारी ठेवलं. वहिनीनं हात धुतले नाहीत. कणीक मळता मळता मान वळवून बघितलं.

"छान आहेत," ती म्हणाली.

"कुठला?"

"सगळेच छान आहेत भाऊजी."

ती त्याच्यावर रागावली नव्हती. रागावली असती तर त्याला काहीतरी करता आलं असतं. ती त्याला वेळेवर वाढत होती, शर्टाची बटणं लावून देत होती, विचारलेल्याचं उत्तर देत होती. फक्त तिचा चेहरा आता कधीच सैल पडत नव्हता. सकाळी दार उघडताना, भांडी लावताना, एकटी खिडकीत उभी असतानाही नाही. धाकटा बाहेरून जिना चढून आला की आधी मुद्दाम पायांचा आवाज करायचा. मग त्यानं एकदा आवाज न करता येऊन पाहिलं. तरीही नाही.

मुलीचं बाळंतपण जवळ आलं आणि वहिनीला पासपोर्ट नवा करावा लागला. त्यासाठी फोटो हवा होता. "बाहेर कुठेतरी काढते," ती म्हणाली होती, पण दादा म्हणाला, "घरचं दुकान असताना?" आणि वर म्हणाला, "पासपोर्टला हसायचं नसतं. बरंय."

ती खाली आली, स्टुलावर बसली. मागे पांढरा पडदा. परतीचं तिकीट काढलेलं नाही, हे दादानं सकाळी असंच, किराण्याचं सांगावं तसं सांगितलं होतं.

"हनुवटी जरा खाली," धाकटा म्हणाला. "खांदे सैल."

तिनं हनुवटी खाली घेतली. खांदे होते तसेच राहिले.

फ्लॅश उडाला.

"झालं," धाकटा म्हणाला. हळू म्हणाला, पण दादाला बाहेर ऐकू गेलं असावं, कारण खुर्ची करकरली.

धाकट्यानं कॅमेरा गळ्यात खाली सोडला. दुसरा फोटो काढायचा नाही असं त्यानं ठरवलं होतं, जिना उतरतानाच ठरवलं होतं. कॅमेरा पोटाशी आला आणि बोट दाबलं गेलं.

वहिनी तशीच समोर बघत होती. मग सावकाश उठली आणि बाहेर काउंटरशी जाऊन उभी राहिली. दादानं कार्ड लावलं. पडद्यावर दोन चेहरे शेजारी शेजारी उघडले. एकावर फ्लॅशचा उजेड, दुसऱ्यावर खिडकीचा. बाकी रेषेचा फरक नव्हता.

दादानं पहिल्याकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं, आणि दोन फोटो का आहेत ते विचारलं नाही.

"यातला कुठला छापू?"

इतक्या वर्षांची सवय. धाकट्यानं वहिनीकडे बघितलं.

"दोन्ही छान आहेत," वहिनी म्हणाली.